पूर्ण आडवी होणारी खुर्ची

५ जानेवारी

ती. ताईस,

परवा फोनवर मी विचारलं, "पाठ कशी आहे?" आणि तू म्हणालीस, "बाई चांगली आहे, भाडं वेळेवर देते." त्याच क्षणी ठरवलं की आता फोन पुरे, पत्रच लिहायचं. कागदाला कान लागत नाहीत.

आधी दादाचं सांगतो, कारण तू पत्र उघडून आधी तेच शोधशील. तब्येत उत्तम आहे. जिने माझ्यापेक्षा भरभर चढतो. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाचे गुडघे शहात्तराव्या वर्षी ठणठणीत, आणि दिवसभर बसून कवळ्या घासणाऱ्या माझे अठ्ठावन्नाव्या वर्षीच कुरकुरतात, हा कुठला न्याय? पण डोक्याचं बरं नाही, ताई. हल्ली मला तो डेपोतला कुणीतरी समजतो. माझ्या बायकोला कधी ओळखतो, कधी तिला सुटे पैसे मागतो. तुझं नाव मात्र पक्कं आहे. रोज संध्याकाळी खिडकीशी उभा राहून विचारतो, "ठमी कधी येणार?" डॉक्टर म्हणाले, हेही फार दिवस टिकेल असं धरून चालू नका.

म्हणून तुला इकडे आणायचं आहे, आणि लवकर. आता तू म्हणशील, पाठीच्या ऑपरेशननंतर मला अर्धा तास बसवत नाही, मी समुद्रापलीकडे येऊ कशी? त्यावर मी दोन वर्षांपूर्वीच तोड काढली आहे. विमानाच्या पुढच्या भागात पूर्ण आडव्या होणाऱ्या खुर्च्या असतात. खाटच म्हण ना. तिची किंमत ऐकली तेव्हा माझ्या हातातली कवळी खाली पडली. पण ते तिकीट पॉइंटांवरही मिळतं. माझ्या क्रेडिट कार्डावर काहीही घेतलं की बँक पॉइंट देते. आता माझा खर्च तो केवढा? म्हणून मी दुसऱ्यांचा खर्च माझ्या कार्डावर करतो. शेजाऱ्यांचा फ्रिज, मेव्हण्याच्या गाडीचे टायर, वरच्या मजल्यावरच्या मुलाची कॉलेजची फी. ते मला लगेच पैसे देतात, मी बँकेचं बिल वेळेवर भरतो, पॉइंट मला राहतात. कुणाचं काही जात नाही. गेल्या महिन्यात तर आमच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी नवी खुर्ची घेतली, तीही माझ्याच कार्डावर. गंमत म्हणजे ती खुर्चीसुद्धा पूर्ण आडवी होते. मी झोपून पाहिलं. फक्त उडत नाही, एवढंच.

आता थोडेच पॉइंट कमी आहेत. तू पासपोर्ट तेवढा काढून ठेव. सोबत दादाचे दोन फोटो पाठवतोय. पाकीट बँकेचं आहे, पण इतकं जाड पाकीट फेकून द्यायला जिवावर आलं.

तुझा,
छोट्या (गुडघेदुखीसह)


१९ जानेवारी

चि. छोट्यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. हेही झोपूनच लिहिते आहे. खालच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, माझ्या भाडेकरू. त्यांनी खाटेवर दोरीने एक फळी टांगून दिली आहे, तिला कागद लावून छताकडे तोंड करून लिहायचं. अक्षर बिघडलं आहे याची मला जाणीव आहे, तू बोलून दाखवायची गरज नाही.

तुझी योजना दोनदा वाचली. फुकट ते पौष्टिक ही आपल्या घराण्याची जुनी समजूत, पण बँक कुणाला फुकट काही देते हे माझ्या पचनी पडत नाही. बँक म्हणजे काय आपली मावशी आहे? तरीही पासपोर्टची खटपट सुरू केली आहे. फोटो काढायला दोघांनी धरून बसवलं. फोटोत मी कुणावर तरी भयंकर रागावलेली दिसते.

दादाचे फोटो उशाशी ठेवले आहेत. शर्टाची बटणं अजून गळ्यापर्यंत लावतो, ते पाहून बरं वाटलं. छोट्या, एक विचारते. तो "ठमी" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मी कोणती असते? वेण्या घातलेली, की शाळेत छडी घेऊन फिरणारी? तू मला नऊ वर्षांत पाहिलेलं नाहीस. ऑपरेशननंतर केस आखूड कापले, वाळून काडी झाले आहे. तू करून दिलेली कवळी सैल झाली आहे आणि "स" म्हटलं की शिट्टी वाजते. मुख्याध्यापक होते तेव्हा वाजली असती तर शाळा डोक्यावर घेतली असती पोरांनी.

डावा कानही आता थकला. उजवा लहानपणच्या तापातच गेला, ते तुला माहीत आहे. कुठेही जाताना दादा नेहमी माझ्या डाव्या बाजूने चालायचा. तू मोठा होऊन आमच्यासोबत यायला लागलास आणि मध्येच त्या बाजूला घुसलास की तो तुझ्या मानेला धरून तुला दुसरीकडे न्यायचा, आणि तू भोकाड पसरायचास. मला हे सगळं आठवतं आणि त्याला आठवत नाही, हे विचित्र वाटतं. आजवर सगळं तोच लक्षात ठेवायचा.

मी येईन. तू म्हणशील तशी, आडवी, उभी, जशी नेशील तशी येईन. पण उशीर करू नकोस.

ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,

पॉइंट पूर्ण झाले. हे वाक्य मी दोन वर्षं मनात लिहीत होतो, आणि आता लिहिल्यावर दोनदा वाचून पाहिलं.

त्याच आठवड्यात बँकेतून फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या, म्हणूनच मी उठून दार लावून घेतलं. कार्डावर इतकी आणि इतकी वेगवेगळी खरेदी कशी, असं त्यांनी विचारलं. त्यांनी बरंच विचारलं, मी बरंच सांगितलं. शेवटी म्हणाल्या, तपासणी होईपर्यंत पॉइंट थांबवून ठेवावे लागतील. म्हणजे ते मला दिसतात, पण वापरता येत नाहीत. सकाळी उठलो की आधी फोन उघडून आकडा आहे ना ते पाहतो, मग तोंड धुतो. काल मेणाचा साचा भांड्यात ठेवून मी आकडाच बघत बसलो, मेण पार वितळून गेलं आणि कुणाचे तरी पुढचे चार दात वाया गेले. दातांच्या डॉक्टरांनी मला दुसरं मेण आणून दिलं. नवी खुर्ची त्यांनी माझ्या कार्डावर घेतली याचं त्यांना आता वाईट वाटतं.

थोडक्यात, मी कसला माणूस आहे, खरा की लबाड, याची बँक चौकशी करते आहे. त्यांच्या मनात भरलं नाही तर खातं बंद करतात आणि पॉइंट बुडतात, सगळे. नियम काय आहेत ते तुला सांगत बसत नाही, बारीक अक्षरात आहेत आणि वाचून माणसाचं डोकं फिरतं. बायको म्हणते, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं दुनियेचे फ्रिज घ्यायला?" तिचं बरोबर आहे, म्हणून मी तिच्यावर ओरडलो.

दादाने नवीन सुरू केलंय. दुपारी पिशवी भरतो. एक टॉवेल, एक चप्पल, टीव्हीचा रिमोट. म्हणतो, "ठमी आली की निघायचं." मी रोज पिशवी रिकामी करतो. गेल्या मंगळवारी मात्र त्याने तुझं नाव घेतलं नाही. खिडकीशी उभा राहिला आणि नुसता बाहेर बघत राहिला. बुधवारी पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पण मंगळवार डोक्यातून जात नाही.

तू काळजी करू नकोस. मी करतोय तेवढी पुरे आहे.

छोट्या


२४ फेब्रुवारी

चि. छोट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला तुझी दया आली आणि बँकेचा राग आला. तू कसला माणूस आहेस हे शोधायला त्यांना तपासणी लागते? मला विचारायचं होतं. तीस वर्षं मी मुलांच्या चारित्र्याचे दाखले लिहिले. माझ्या सहीवर मुलांना नोकऱ्या लागल्या आहेत. एका मुलाला तर माझ्या दाखल्यावर चक्क पोलिसात घेतलं, आणि त्याने माझ्याच शाळेची घंटा चोरली होती.

तेव्हा मी काल बँकेला पत्र पाठवलं. पत्ता तुझ्याच जाड पाकिटावर छापलेला होता, म्हणजे काटकसर कामाला येते हे तुझंच म्हणणं खरं झालं. शिवणवाल्या बाईंनी रजिस्टर पोस्टाने टाकलं. तुझ्या माहितीसाठी मजकूर खाली उतरवते.

"मा. व्यवस्थापक, क्रेडिट कार्ड विभाग, यांस. मी निवृत्त मुख्याध्यापक असून आपले कार्डधारक हे माझे धाकटे बंधू आहेत. मी त्यांना जन्मापासून ओळखते. ते सचोटीचे, कष्टाळू व परोपकारी आहेत. पुराव्यादाखल नमूद करते की, आपल्या कार्डाचा लाभ केवळ स्वतःपुरता न ठेवता त्यांनी शेजाऱ्यांचे फ्रिज, मेव्हण्यांचे टायर, परिचितांच्या मुलाचे शुल्क, इतकेच नव्हे तर दंतवैद्यांची नवी खुर्चीही त्याच कार्डावर घेऊन दिली आहे. संबंधितांकडून त्यांना रक्कम तत्काळ मिळते व त्यात ते एका पैशाचाही नफा घेत नाहीत. आजारी बहिणीची व आजारी भावाची भेट घडवून आणणे, एवढाच त्यांचा या खटाटोपात हेतू आहे. त्यांची वर्तणूक उत्तम आहे. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा."

दोनदा खाडाखोड करून लिहिलं. "परोपकारी" हा शब्द मी सहसा वापरत नाही, फार थोड्यांना दिला आहे.

पासपोर्ट आला. आता तुझ्या बँकेच्या बाईंना घाई करायला सांग. तो मंगळवार मलाही झोपू देत नाही.

ताई


४ मार्च
(शिवणवाल्या बाईंच्या फोनवर)

बाई, एवढा निरोप ताईला लगेच कागदावर लिहून दाखवा: "ताई, बँकेचं पत्र पोस्टातून परत मागवता आलं तर मागव. कार्डावर दुसऱ्यांचा खर्च करायला मनाई आहे. सगळा खर्च घरचाच आहे असं मी त्यांना सांगितलंय. बँकेच्या बाईंना ते पटल्यासारखं वाटतंय, या आठवड्यात पॉइंट सुटतील. छोट्या."

४ मार्च

भाऊ, निरोप दाखवला. पत्र आता परत मागवता येत नाही. मी फोनवर तपासलं, १ तारखेला पोचलं, सही पण झाली. मॅडम भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. जेवायला नको म्हणाल्या. माझ्याकडून काही चुकलं का? पोस्टात मीच टाकलं होतं.


२२ मार्च

ती. ताईस,

खातं बंद झालं. पॉइंट गेले. दोन ओळींचं काम होतं, उगाच आठवडाभर पत्र लिहायचं टाळत होतो.

एक गोष्ट नीट समजून घे. तुझ्या पत्राचा याच्याशी काही संबंध नाही. बँकेने फेब्रुवारीच्या शेवटीच ठरवून टाकलं होतं, फक्त कळवायला उशीर केला. तुझं पत्र त्यांनी बहुधा उघडलंही नसेल. अशी शेकड्यांनी पत्रं येत असतील त्यांच्याकडे. तेव्हा तू जेवत जा.

मी ठीक आहे. सकाळी उठल्यावर हात आपोआप फोनकडे जातो, मग आठवतं की आता बघायला आकडाच नाही. डॉक्टरांनी मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं, ती मी घेतली नाही. दुसरं कार्ड घेऊन पहिल्यापासून सुरू करता येईल, पण त्याला पुन्हा दोन वर्षं लागतील. दादाकडे दोन वर्षं नाहीत, हे तुलाही माहीत आहे.

दादाने तीन दिवसांत तुझं नाव घेतलेलं नाही. पिशवी मात्र भरतो.

छोट्या


४ एप्रिल

चि. छोट्यास,

तू लहानपणी दुधात पाणी घालून ठेवायचास आणि चेहऱ्यावरून लगेच कळायचं. पत्रातही तुझा चेहरा दिसतो. बँकेने फेब्रुवारीतच ठरवलं होतं, तर चार मार्चला घाबराघुबरा होऊन निरोप का पाठवलास? "पॉइंट सुटतील" असं त्याच निरोपात तू लिहिलं आहेस. कागद माझ्या उशाशी आहे.

माझ्या दाखल्याने तुझं खातं बुडवलं. घंटा चोरणारा पोलिसात गेला आणि तू, ज्याच्यासाठी मी "परोपकारी" लिहिलं, तो गोत्यात आलास. मी दोन दिवस रडले. हे तुला सांगते आहे कारण पुढचं मी रडून झाल्यावर लिहिते आहे, डोकं ठिकाणावर असताना.

पडल्या पडल्या मी छताकडे बघून एकच विचार करत होते की मला बसता येत नाही. दोन वर्षं तूही तेच म्हणत होतास. ताईला बसता येत नाही, म्हणून ताईला झोपवून आणायला हवं. आणि मग एका दुपारी माझ्या डोक्यात आलं, की बसता येत नाही ते मला. दादाला येतं. तुझ्याच पहिल्या पत्रात आहे, तो तुझ्यापेक्षा भरभर जिने चढतो. मग त्यालाच घेऊन तू इकडे का येत नाहीस? साध्या खुर्चीवर, साध्या तिकिटावर?

एवढी सरळ गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही असं मी मानत नाही. तू मूर्ख नाहीस. म्हणजे काहीतरी आहे जे तू मला सांगत नाहीस. ते सांग. आता लपवून ठेवण्यासारखं आपल्याकडे काही उरलेलं नाही.

मी जेवते आहे. शिवणवाल्या बाई समोर बसून राहतात, त्यामुळे जेवावंच लागतं.

ताई


१६ एप्रिल

ती. ताईस,

बरं. सांगतो.

बँकेच्या पत्रात तुझी दोन वाक्यं जशीच्या तशी होती, "सचोटीचे"पासून दातांच्या खुर्चीपर्यंत. आणि मी त्यांना आधी काय सांगितलं होतं ते ऐक. बाई म्हणाल्या, वर्षात तीन फ्रिज? मी म्हटलं, आमच्याकडे माणसं खाणारी आहेत. म्हटल्यावर लक्षात आलं की वाक्य बरं गेलं नाही. दातांची खुर्ची कशाला? मी म्हटलं, घरी बसायला. अशा माणसाला तू सचोटीचा म्हणालीस. बँकेच्या पत्रात ते वाचताना मला लाज वाटली, आणि खरं सांगू, जरा बरंही वाटलं. मला असा दाखला कुणी कधी दिला नव्हता.

आता दुसरं. गेल्या वर्षी मी दादाला बसने दवाखान्यात नेत होतो. तो मध्येच उठला, चालकाजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ऊठ, माझी ड्यूटी सुरू झाली." चालक हसला. दादाने स्टिअरिंगला हात घातला. बस थांबवावी लागली, आम्हाला रस्त्यात उतरवलं, लोक खिडकीतून बघत होते. दादा फुटपाथवर उभा राहून रडला, ताई. म्हणाला, "मला कामावरून काढलं." हे मी बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. विमानात त्याला ड्यूटीची आठवण झाली तर मी काय करू? दरवाजापाशी गेला तर?

आणि तिसरं, जे लिहायला सगळ्यात जड जातंय. इथे त्याची खिडकी आहे, त्याची खुर्ची आहे. मला वाटायचं, तू इथे दारातून आत आलीस तर त्याला जुळवता येईल. त्याला परक्या घरात आणला, आणि तू खाटेवर पडलेली, आणि त्याने विचारलं, या बाई कोण, तर? ते मला बघवलं नसतं. म्हणून मी पॉइंट गोळा करत बसलो. साध्या खुर्चीची दोन तिकिटं मला परवडतात. ते मी कधी मोजूनच पाहिलं नव्हतं.

आज मोजलं. डॉक्टरांनी कवळ्यांचे काही पैसे आगाऊ दिले, दादाला प्रवासात द्यायला औषध लिहून मिळालंय. १० मेचं निघायचं ठरलं. बायको म्हणाली, हे दोन वर्षांपूर्वी केलं असतंत तर. मी यावेळी ओरडलो नाही.

छोट्या


३० मे

ती. ताईस,

सुखरूप पोचलो. परतीच्या विमानातही दादा शांत होता. जाताना मी त्याचा पट्टा हातात धरून सगळा वेळ जागा होतो, आणि त्याने एकदाच डोळे उघडून पुढे बघितलं, म्हणाला, "बरा चालवतो, धक्का लागत नाही," आणि पुन्हा झोपला. मी वर्षभर ज्याला घाबरलो ते तेवढंच होतं.

पण दुसरं खरं झालं. पहिल्या दिवशी त्याने तुला हात जोडले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "या बाई आजारी आहेत का?" तू हसलीस, तेव्हा मी बाहेर गेलो. पंधरा दिवस रोज सकाळी मला वाटायचं, आज. निघताना तुझ्या पाया पडलो तेव्हा तू काहीच बोलली नाहीस आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. उशीर केला मी, ताई. इथे आल्यावर संध्याकाळी तो खिडकीशी गेला आणि म्हणाला, "ठमी कधी येणार?" मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

कवळी नीट बसते का ते कळव.

छोट्या


१२ जून

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

कवळी उत्तम बसते. शिट्टी गेली. आणि तुझ्या बँकेचं मला पत्र आलं आहे. पत्ता त्यांना माझ्या दाखल्यावरून मिळाला असणार. "आपल्यासारख्या विश्वासू व्यक्तीसाठी" खास क्रेडिट कार्ड आहे, आणि ते घेतल्याबरोबर स्वागताचे पॉइंट मिळतात. शिवणवाल्या बाई ते वाचून इतक्या हसल्या की त्यांच्या तोंडातल्या टाचण्या पडल्या. मी ते पुस्तकात खूण म्हणून घातलं आहे.

आता ते ऐक, जे मी तुला निघताना सांगितलं नाही. तेव्हा सांगता आलं नसतं.

तू कवळी घासून आणायला इथल्या दवाखान्यात गेला होतास ती दुपार. म्हणजे माझ्या तोंडात दातही नव्हते. केस आखूड, गाल बसलेले, त्यात बोळकं. आरशात मलाच मी ओळखू आले नसते. दादा आत आला. स्टूल दाराजवळ, माझ्या उजव्या बाजूला होतं, तो त्यावर बसला आणि काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "हं?" तो पुन्हा बोलला. मी पुन्हा म्हटलं, "हं?"

मग तो उठला. स्टूल उचललं, खाटेच्या पायथ्याकडून वळसा घातला, माझ्या डाव्या बाजूला आणून ठेवलं, बसला आणि तोंड माझ्या कानाजवळ आणलं. मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं, छोट्या. खूणसुद्धा केली नव्हती. म्हणाला, "ठमी कधी येणार?"

मी म्हटलं, "आली." दात नव्हते, नीट उमटलं नसेल. तो म्हणाला, "नाही हो, ती शाळेत असते. माझी बहीण. फार कडक आहे, पण मनाने चांगली आहे. वाईट मुलाबद्दलसुद्धा काहीतरी चांगलं शोधून लिहिते. एका कानाने ऐकू येत नाही तिला, म्हणून तिच्याशी या बाजूनेच बोलावं लागतं." आणि त्याने बसल्या स्टुलावर हात आपटून ती बाजू मला दाखवली.

मग तू येईपर्यंत तो माझ्याबद्दलच बोलत होता. कितीतरी. आयुष्यभर दुसऱ्यांना दाखले लिहिले, माझा असा मला पहिल्यांदाच ऐकायला मिळाला. तोंडावर त्याने यातलं अक्षर कधी उच्चारलं नसतं. उठताना माझा हात थोपटून म्हणाला, "तुम्ही बऱ्या आहात. ठमी आली की तुमची ओळख करून देतो. तुमचं जमेल."

तेव्हा तू उशीर झाला म्हणून नळ सोडून उभा राहू नकोस. पाणी वाया जातं. तू त्याला आणलंस, आणि तो येऊन माझ्या बाजूला बसला. मला हवं होतं ते मिळालं.

संध्याकाळी तो खिडकीशी विचारेल तेव्हा "निघाली आहे" असं सांगत जा. आणि सांग, इकडच्या त्या बाई अजून ओळख करून द्यायची वाट बघताहेत.

ताई